तिसऱ्या आग्रहाची शर्यत

ती. सोल्वेगताईस,

धाकट्या आर्डिसचा उभ्यानेच नमस्कार. (वाकून केला असता, पण गुडघे सध्या संपावर आहेत, कारण पुढे येतंच.) तुझी तब्येत बरी असेल. तुमच्या डुलूथला पहिला बर्फ पडला असं रेडिओवर ऐकलं. फावडं घेऊन स्वतः बाहेर पडू नकोस. पडशीलच, ते मला ठाऊक आहे.

तर ताई, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी कॉलेजच्या संघातून धावले. आधी हसून घे. ज्या कॉलेजच्या भोजनगृहात बावीस वर्षं बटाटे सोलले, तिथेच गेल्या वर्षापासून मी शिकतेय (नोकरांना फी माफ असते, आणि फुकटचं सोडणं आपल्या रक्तात नाही). आमच्यासारख्या नऊ चिमुकल्या कॉलेजांची मिळून एक क्रीडा परिषद आहे. तिचा नियम असा, की क्रॉस कंट्रीच्या (म्हणजे माळावरून, टेकड्यांवरून धावायच्या) शर्यतीत प्रत्येक कॉलेजच्या पाच मुलींनी शेवट गाठलाच पाहिजे. नाहीतर संघ बाद, आणि कॉलेजचे संघ ठरलेल्या आकड्याखाली गेले की कॉलेज परिषदेबाहेर. मग आमच्याशी खेळणार कोण, मुलं येणार कशाला आणि मी बटाटे सोलणार कुणासाठी? आमच्याकडे मुली मोजून पाच. त्यातली पाचवी, केर्स्टन, चार दिवस आधी भोजनगृहात घसरली आणि घोटा मोडून बसली. फरशी मीच पुसली होती. 'ओली आहे' ही पाटी लावायची राहून गेली. हॅल्वर्सनसर (शिकवतात रसायनशास्त्र, पण दुसरं कुणी तयार नाही म्हणून धावणंही) माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आर्डिसबाई, तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थिनी आहात ना?"

शर्यत सहा किलोमीटरची. आमच्या चौघी अर्ध्या तासात पोचल्या. मी तेव्हा दुसऱ्या टेकडीवर होते आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या एका बाईने कॉफी पुढे केली. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, अर्धाच कप" म्हणून घेतली. आपल्याकडे चार माणसांसारखी कॉफी घ्यायची तर एवढा वेळ लागतोच. पण पुढे अशी आणखी दोन कुंपणं लागली, आणि तोवर मुलांच्या शर्यतीची वेळ झाली. परिषदेचे प्रमुख घड्याळाचे पक्के. त्यांनी तीही त्याच वाटेवर सुरू करून दिली.

शेवटची वाट दोन्हीकडून दोरी बांधलेली, एका माणसापुरती. मी तिच्या तोंडाशी पोचते तोच मागे धाप ऐकू आली. दुसऱ्या कॉलेजचा एक ताडमाड पोरगा, मुलांमध्ये सगळ्यात पुढे. आणि तो थांबला, ताई! "आजी, तुम्ही आधी." "छे रे बाबा, तू पहिला येतोयस, तू जा." "नाही नाही, तुम्हीच." "अरे, मला काय घाई आहे?" तेवढ्यात मागे आठ पोरांची रांग लागली, एकानेही ढकललं नाही, उलट एकाने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. प्रमुख कर्ण्यातून ओरडत होते, "अहो, कुणीतरी जा!" शेवटी पोरगा तिसऱ्यांदा म्हणाला, "जा ना, आजी." मग काय करणार? "बरं, तू एवढं म्हणतोस तर," असं म्हणून मी रेषा ओलांडली.

नऊ संघांत आमचा नंबर नववा. पण पाच जणी पोचल्या, कॉलेज परिषदेत राहिलं. कुबड्यांवरची केर्स्टन रडली, म्हणून मीही रडले. पोराचा विक्रम माझ्यामुळे हुकला. माफी मागायला गेले तर त्याची आई म्हणाली, "विक्रमाचं काय, पुढच्या वर्षी होईल. तुम्हाला बाजूला सारून आला असता तर घरात घेतला नसता मेल्याला."

तुझी,
आर्डिस

ता. क. बटाट्याच्या पोळ्या (लेफसे) पाठवल्या आहेत. नको म्हणून परत पाठवू नकोस.

ता. क. पुन्हा एकदा. मे महिन्यात आमच्या दोघी पदवी घेऊन जातील. मला नि केर्स्टनला धरून चारच उरतो. लहानपणी दुधाच्या गाडीपुढे धावायचीस ती तू. मी आपली धापा टाकत मागे. आई आजारी पडली तेव्हा माझी शाळा सुटू नये म्हणून कॉलेजचं शेवटचं वर्ष टाकून घरी आलीस तीही तूच. भोजनगृहात सॅलड चिरायची एक जागा रिकामी आहे, फी माफ. ऑर्व्हिलभावोजी गेल्यापासून तू त्या घरात एकटी असतेस, मला इथे जेवण गोड लागत नाही. ईस्टरला इकडे राहायला ये म्हणून विचारलं, नको म्हणालीस. उन्हाळ्यात विचारलं, तेव्हाही नको. नोकरीचा नि प्रवेशाचा फॉर्म सोबत आहे, सही तेवढी कर.

ताई, हे मी तिसऱ्यांदा विचारतेय.