कंपनीसाठी केलेलं तपोवन

लोणावळा, रविवार

ती. स्व. चिंतामणीदादा यांस,

धाकट्या यशोधनचा साष्टांग नमस्कार (गुडघे वगळून, डॉक्टरांची मनाई आहे). तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

आसावरीच्या परदेशी कंपनीचा नवा कारखाना आमच्या मावळात आंबीला, की तुमच्या बाजूला गुजरातेत साणंदला, हे ठरायचं होतं. आंबीला झाला असता तर पोरगी कायमची घरी राहायला येणार होती. साहेब जागा पाहायला निघाले तेव्हा तिने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, गावाचं इम्प्रेशन चांगलं पडायला हवं." एवढं मोघम सांगायला नको होतं. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला चांगली जागा म्हटली की तपोवन दिसतं. ऋषी आश्रमासाठी जे पाहत तेच हे पंप बनवणारेही पाहणार, असं मी ठरवून टाकलं. लगेच आंबीच्या हनुमंतआबांना गाठलं (त्यांचा नातू माझ्याच हातून संस्कृतात पास झाला, कसा, ते विचारू नका) आणि बजावलं, की साहेब येतील तेव्हा टपऱ्या आणि वर्कशॉपं बंद, टेंपो मळ्यात, माणसं घरात. आबा म्हणाले, "मास्तर, कंपनी येनार हाय का कुनी बुवा समाधीला बसनार हाय? म्हस तरी ऱ्हाऊ द्या भाईर!" मी म्हशीलाही सूट दिली नाही.

साहेब आसावरीसोबत गाडीतून उतरले. पान पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, इथे माणसं राहतात ना? आसावरी काही बोलायच्या आत मीच इंग्रजीतून अभिमानाने सांगितलं, की इथे तुमच्या वाटेला कोणीही येणार नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, गुण मिळाले!

साणंदला म्हणे त्यांची गाडी कामगारांच्या बसगाड्यांत आणि मालट्रकांत अडकून पडली, आणि साहेब खूश. आसावरीने मग मला शिकवणी दिली: जिथे आधीच कारखाने, तिथेच नवा येतो, कारागीर, सुटे भाग, दुरुस्तीवाले सगळे हाताशी लागतात. दादा, हे सगळं आंबीतही आहे हो. मी ते मळ्यात लपवलं होतं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
यशोधन

ता. क. साणंदचं नक्की झालं. आसावरी पुढच्या महिन्यात तिकडे येते. तिला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? भाड्याच्या खोलीत एकटी जेवणार, हे तिच्या आईला सहन होत नाही (आईलाच, असं मी सगळ्यांना सांगतो).

आणखी एक. गाव रिकामं का होतं, असं तिने विचारल्यावर मी सांगून बसलोय की सगळे इंद्रायणीकाठी दहाव्याला गेले होते. आबांनीही तेच सांगितलं. तुमच्याकडे विषय निघाला तर तुम्हीही तेच सांगा. मात्र दहावा कोणाचा, यात पडू नका. आमचं अजून ठरलेलं नाही.