बाहेरची पानं खुडणाऱ्यास

मी, खाली सही करणारी, नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेली टायपिस्ट, लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, मला कुणी दमदाटी केलेली नाही आणि काही पाजलेलंही नाही; सकाळचा चहासुद्धा मी स्वतः केला. जन्मभर लोकांची मृत्युपत्रं टाईप केली, त्यामुळे कुणावर किती विश्वास टाकायचा ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या नावाचं दुसरं मृत्युपत्र कुणी पुढे केलंच, तर ते खोटं समजावं.

१. तळमजल्याच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलाला. मी गेल्यावर तो आधी कुलपं बदलेल, म्हणून ती मीच बदलून ठेवली आहेत.

२. बँकेतली ठेव मुलीला. जावयाला नव्हे, मुलीला. जावई हल्ली फोनवर आधी तब्येत विचारतो आणि लगेच बँक कोणती ते विचारतो.

३. टाईपरायटर सुनेला, कारण तिने तो कधी मागितला नाही. का मागितला नाही, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

४. आता मागची बाग. खरी मारामारी इथेच आहे. मुलाला तिथे फरशी घालून गाडी लावायची आहे. "आई, सावलीत काही येत नाही गं, उगाच कंबर मोडून घेतेस." ही सावली आली कुठून? वरच्या मजल्यावरच्या माझ्या धाकट्या जावेने गॅलरी वाढवली, तिथून. माझे टोमॅटो गेले, मिरच्या गेल्या. मी तिच्याशी बोलणं टाकलं, पण बाग टाकली नाही. कुंपणाकडे उन्हाची पट्टी उरली होती तिथे वांगी लावली. गॅलरीखाली पालक, कोथिंबीर, पुदिना. पालकाला दुपारची सावली मानवते, कडक उन्हात तो लगेच फुलावर येतो. मुलाने हे एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं. परवा त्याला पालक आणायला पाठवलं, तर मुळासकट उपटून आणला!

५. या बागेत चोर येतो. पालक कमी होतो, पण रोपं जागेवर असतात. बाहेरची मोठी पानं तेवढी देठाशी खुडलेली, मधला कोंब राखलेला, म्हणजे पुन्हा फुटावा. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात होते, तेव्हा बाग वाळून जायला हवी होती. घरी आले तर माती ओली. पाइप फुटला असेल म्हणून प्लंबरला बोलावलं. "आजी, गळती कुठेच नाही," म्हणाला. त्याच्यावरही माझं लक्ष आहे.

तर पूर्ण विचारांती लिहिते: मागची बाग, झारी व खुरपं त्या चोराला द्यावं. मेला कोण आहे देव जाणे, पण माझ्या पाठीमागे बाग जगवेल तर तोच. ओळख पटवण्यासाठी सगळ्यांना पालक खुडायला लावावं.

६. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा बाद होतो. म्हणून छदामही मिळणार नाही अशी दोन माणसं बोलावली आहेत: समोरचा शिंपी आणि धाकटी जाऊ.

सहीपूर्वीची दुरुस्ती: वकील कारकुनाला घेऊन आले, त्यांच्यासमोर मजकूर दोघांना वाचायला दिला. शिंपी "कुठे करू सही?" एवढंच म्हणाला, न वाचणाऱ्या माणसाकडे यापुढे कापड टाकणार नाही. जावेने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"जाऊबाई, मला ही सही जमायची नाही."

इतक्या वर्षांत तिचं हे पहिलं वाक्य. मी विचारलं, "का गं?"

"बाद होईन ना मी."

मला रडू आलं. वकिलांसमोर तमाशा नको म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आले.

सबब कलम ५ मधील 'चोर' हा शब्द खोडून तिथे 'धाकटी जाऊ' असं वाचावं. खुरपं तिला आजच दिलं आहे. धुऊन परत आणते का, ते बघायचं आहे.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. समोरचा शिंपी (सही) २. जावेच्या जागी वकिलांचा कारकून (सही, त्याने वाचून केली)
ठिकाण: मागची पायरी, गॅलरीच्या सावलीत
तारीख: आजचीच. वकिलांनी घातली, मी कॅलेंडरशी ताडून पाहिली.