ताईच्या वेबसाइटचं बिऱ्हाड

तीर्थस्वरूप भावोजींना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण मनात अगदी सपाट पडलो आहे.) तुमचा रक्तदाब, मानेचा पट्टा आणि गच्चीतल्या कुंड्या सुखरूप असतील अशी आशा करतो. आम्ही दोघं बरी आहोत. गेल्या रविवारी जेवणानंतर तुमचा फोन आला, आमच्याकडे वीज आहे का एवढंच विचारलंत आणि ठेवून दिलात. वर्षभरात तुम्ही आपणहून केलेला तो पहिलाच फोन, त्यामुळे वीज होती याचा मला जरा जास्तच आनंद झाला.

पत्रास कारण ताईची वेबसाइट. तीस वर्षं शिवण शिकवून झाल्यावर तिने तीनशे अकरा पानांचं हे कापडी विद्यापीठ एकटीने उभं केलं, आणि दवाखान्यातून तिच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, माझ्या हाती दिल्या. ती गेल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "बंद करून टाका ती. कोण बघतंय?" मी मान हलवली आणि नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. जन्मभर पुस्तकं बांधणाऱ्या माणसाच्या हातून तीनशे अकरा पानं सुटी होणं मला बघवणार नव्हतं. शिवाय बघणारे आहेत. किती जण आले, कधी आले, कुठल्या पानावर किती वेळ बसले ते सांगणारा एक तक्ता असतो, त्यावरून कळतं. दर रविवारी दुपारी दोनच्या सुमारास कोणीतरी एक जण येतो, थेट कॉलरच्या पानावर जातो, वीस मिनिटं बसतो आणि निघून जातो. इतक्या कॉलरी कोण शिवतं देव जाणे.

ताई ज्या कंपनीत जागा घेऊन होती ती मला महाग वाटली. (माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात मी तुमच्या बुटांचे खोके परत दुकानात विकायला नेले होते.) म्हणून आधी ती वेबसाइट फुकटच्या जागेत नेली. फुकट म्हणजे त्यांच्या जाहिराती आपल्या घरात. ताईच्या काजा-बटणांच्या पानावर डोक्याला केस उगवणारं तेल आणि ट्रकचे टायर झळकू लागले. तिथून निघालो तो पहिलं वर्ष चहाच्या किमतीत देणाऱ्या कंपनीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी मागितलेल्या रकमेत हॉटेलसकट चहा आला असता. मग तिसरी कंपनी, मग चौथी. दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर, आणि प्रत्येक बिऱ्हाडात काहीतरी मागे राहतंच. एका वेळी बाह्यांचं अख्खं प्रकरण राहिलं. महिनाभराने एका अनोळखी बाईंचं पत्र आलं की तुमच्या सांगण्याबरहुकूम सदरा शिवला, उत्तम झाला, पण यजमानांचे हात कुठून काढायचे. मी माफी मागितली आणि जाकीट म्हणून वापरा असं कळवलं.

एवढ्या अनुभवानंतर माणूस शहाणा होतो असं म्हणतात, मी हुशार झालो. वेबसाइटचं नाव एकदम दहा वर्षांसाठी घेऊन टाकलं, घसघशीत सूट मिळाली, घरात जाहीर केलं की आता दशकभर चिंता नाही, आणि जागेचे पैसे भरायचे थांबवले. नाव म्हणजे नुसती दारावरची पाटी आणि घराचं भाडं वेगळं, हे मला नऊ दिवसांनी, कंपनीची शेवटची नोटीस आली तेव्हा कळलं. पाटी दहा वर्षांची, पक्की, पितळी म्हणा, आणि महिनाअखेर मागे मोकळं मैदान.

घाबरून मी माझ्या धंद्यावर आलो. सगळी पानं छापली, शिवली, लाल कापडात बांधली, वर सोनेरी अक्षरं उमटवली. भावोजी, बांधणी अशी झाली आहे की दोन पिढ्या हलणार नाही. फक्त चाळिसाव्या पानाच्या तळाशी 'पुढे पाहण्यासाठी इथे दाबा' असं आहे. मी दाबून पाहिलं. काय हसताय म्हणून ही रागावून आली आणि तिनेही दाबून पाहिलं.

शेवटी जिन्याखालच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, ताईंची पानं चिमूटभर आहेत, वजन तुम्ही चढवलंय. (फिरती फुलं, टिकटिकणारं घड्याळ, सरपटणारं सुस्वागतम्. हौसेला मोल नसतं, पण भाडं असतं.) ते सगळं काढून त्यांनी साधी, सरळ पानं केली. अशी पानं अगदी थोडक्या पैशांत वर्षानुवर्षं राहतात म्हणे, आणि वर्षाला कंपनी बदलायची नाही अशी माझ्याकडून कबुली घेतली. एक प्रत माझ्याकडे, एक त्यांच्या दुकानात, तिसरी तुमच्याकडे राहील. शिवाय माझ्यानंतर हे कोण बघणार ते वहीत लिहून ठेवायला सांगितलंय. वेबसाइट पैशांअभावी कमी आणि विसरल्यामुळे जास्त बंद पडतात, असं त्या म्हणाल्या. वहीत तुमचं नाव घातलं आहे. न विचारता, त्याबद्दल क्षमा असावी.

तर आता सगळं सुरळीत आहे. काळजी नसावी. प्रकृतीला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. सगळं सुरळीत नाही. बाह्या ताईच्या जुन्या वहीवरून परत लिहिल्या, पण शेवटच्या बिऱ्हाडात तिने पानापानावर स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलेलं सगळं गळालं. पानं उघडतात, ती बोलत नाही. चार पैसे वाचवायला गेलो आणि तिचा आवाज घालवून बसलो. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

ता. क. दोन. त्या रविवारी कॉलरचं पान पहिल्यांदाच मुकं होतं. दोन वाजता कोणीतरी आलं, एका मिनिटात गेलं, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी तुम्ही मला वीज आहे का विचारलंत. मी कोणाला काही बोललेलो नाही, हिलासुद्धा नाही.

ता. क. तीन. मूळ आवाज ताईने एका छोट्या कार्डात ठेवले होते. ते तिच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीत आहे. तो ड्रॉवर तुम्ही तीन वर्षं कोणाला उघडू दिलेला नाही, आणि मीही उघडायला येणार नाही. तुम्हीच उघडा, जमेल तेव्हा. कॉलर शिकवता शिकवता ती मध्येच म्हणते ना, "अहो, पंखा बंद करा, कापड उडतंय," आणि मागून तुमचा आवाज येतो, "केला." ते मलाही पुन्हा ऐकायचं आहे. कार्ड नखाएवढं आहे. ड्रॉवर उघडण्याआधी पंखा बंद करा.