शेवटी वाचली जाणारी फाइल

मंगळवार, ११ जून
दुपारचा दीड

चि. मिठूस,

मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मामीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. तुझ्या खुर्चीवर नवा माणूस बसतो; दिवसभर पेन टकटकवतो. तुझी आई माझा फोन उचलत नाही. तिचं बरोबरच आहे.

कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. संगणकावर लिहिलं असतं तर चौथ्या ओळीपासून खोडायला लागलो असतो.

आज चार वाजता चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. इस्पितळाच्या औषधांच्या शीतगृहातली घंटा तुझ्या चुकीमुळे वाजली नाही, हा शेरा आज कायम होईल. तो शेरा घेऊन कुठेही गेलीस तर या धंद्यात तुला कोणी दारात उभं करणार नाही. पाच वाजता जुना सर्व्हर पुसायचा आहे. म्हणजे बैठकीपर्यंत माझ्या हातात अडीच तास, आणि मी गुडघ्यांबद्दल लिहितोय.

आपलं भांडण आठवतं? घंटा वाजवणाऱ्या आपल्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज कुठे ठेवायच्या यावरून? तू म्हणालीस, एकच फाइल, एकाच जागी, सगळ्यांना दिसेल अशी. मी म्हणालो, तीन हव्यात. मूळची एक, ऑफिसची एक, आणि ज्याची त्याची खासगी. हिच्या नावाआधी टिंब द्यायचं, म्हणजे ती यादीत दिसत नाही, गर्दी होत नाही. प्रोग्रामने खासगी शेवटी वाचायची, आणि तिन्हींत वेगवेगळं लिहिलं असेल तर तिचंच ऐकायचं.

“मामा, तू घराची किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवतोयस. बाकीच्यांनी आत यायचं कसं?”

“आधी दुधाचे दात पडू देत, मग मला शिकव,” मी म्हणालो. सगळे हसले. तू हसली नाहीस.

त्या घटनेच्या आदल्या दिवशी तू ऑफिसच्या फाइलमध्ये घंटेची मर्यादा आठ अंशांवरून सातवर आणलीस. दुसऱ्या दिवशी शीतयंत्र बंद पडलं, तापमान चढत गेलं, घंटा गप्प. लसी, औषधं, सगळं फेकावं लागलं. तीन आजारी मुलांना घाईघाईने दुसऱ्या गावी हलवलं. वाचली, पण थोडक्यात. शेवटचा हात तुझा, म्हणून दोष तुझा. समितीपुढे मी म्हणालो, “पोरगी हुशार आहे, घाई नडली.” तुझ्याकडे न बघता म्हणालो.

मिठू, घाई नव्हती. तुझा आकडा बरोबर होता. तो वाचलाच जात नव्हता.

चाचणीच्या दिवसांत घंटा सारखी कोकलायची. वैतागून मी माझ्या लपवलेल्या फाइलमध्ये चाळीस अंश लिहिले आणि विसरून गेलो. पुढे खरं काम सुरू झालं तेव्हाही प्रोग्राम माझ्याच नावाच्या खात्यातून चालत राहिला. प्रोग्रामने माझं ऐकलं. तसं ऐकायला मीच शिकवलं होतं.

हे मला आज कळलेलं नाही. तू नोकरी सोडून गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं. फाइल उघडली, चाळीस दिसलं, स्क्रीन बंद केली आणि चहा प्यायला गेलो. त्याला पाच महिने झाले. अठ्ठावीस वर्षांचं नाव जाईल या भीतीने मी भाचीचं नाव जाऊ दिलं. लाज वाटते. वाक्य फार लहान आहे, पण दुसरं सापडत नाही.

तीन वाजून दहा मिनिटं

सर्व्हर पुसणारा तंत्रज्ञ वेळेआधीच आला. “साहेब, सुरू करू ना?” नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मान हलवावीशी वाटलीसुद्धा.

“हात लावू नकोस,” मी म्हणालो. “त्यात माझी एक फाइल आहे. समितीला दाखवायची आहे.”

त्याने पाहिलं. “इथं तर काहीच दिसत नाही.”

“दिसणार नाही. मी लपवली आहे.”

फाइलची छापील प्रत तारखेसकट सोबत जोडली आहे. दुसरी माझ्या खिशात आहे. परत ये असं म्हणत नाही. तुला बोलवायला मी या नोकरीत नसेन. पत्र आईला दाखव. माफी आज मागत नाही. आधी वर समितीच्या बैठकीत जाऊन सगळ्यांसमोर बोलतो, मग मागायची लायकी येते का बघू.

तुझ्यावर आळ येऊ देणारा,
मामा