न्केझा ओढ्यावरची टाचणी संग्रहात नोंदवून घेणेबाबत

प्रति,
मा. मुख्य ओळख अधिकारी,
चतुर, टाचणी व जाळीपंखी कीटक विभाग,
पूर्व डोंगर कीटकसंग्रह कार्यालय,
तांगा.

विषय: दि. २३ मार्च २०१७ रोजी पकडलेली एक टाचणी, संकलक मरहूम हेमेदी शेकिओंडो यांच्या नावे संग्रहात दाखल करून घेणे व नोंदीची शिक्क्यासह नक्कल मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपले पत्र दि. ६ मार्च २०१७ (संकलनाचे काम बंद केल्याबाबत).
२) माझे अर्ज दि. १५ मे २०१७ व दि. १० जुलै २०१७.
३) सदर अर्जांवर आपल्या कार्यालयाने मारलेले शेरे, एकूण तीन.

महोदय,

मी खाली सही करणारी म्वान्तुमू शेम्बोझा, वय ५३, राहणार क्वेमांगा, ऊसांबारा डोंगर, सविनय सादर करते की, माझे पती हेमेदी शेकिओंडो हे आपल्या कार्यालयासाठी एकोणीस वर्षे चतुर, टाचण्या (म्हणजे चतुराच्याच बारीक, काडीसारख्या बहिणी) आणि जाळीपंखी व त्यांचे भाईबंद पकडून पाठवीत होते. पकडायचे काम त्यांचे होते. ते कीटक कागदी पुड्यांत घालणे आणि ठिकाण-तारखेच्या चिठ्ठ्या लिहिणे माझे, कारण त्यांचे अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे. आपण २०११ साली आमच्या घरी मक्याची उसळ खाल्लीत तेव्हा एक चिठ्ठी भिंगाखाली धरून विचारले होते, "इतकं बारीक लिहिणारा माणूस कोण?" पती म्हणाले होते, "माणूस नाही साहेब, बायको." आपण हसला होतात. ते आपल्या लक्षात असेल असे धरून मी पुढील हकीकत लिहीत आहे.

१. संदर्भ क्र. १ चे पत्र आम्हांस ११ मार्चला मिळाले. पतींनी ते अंगणात उभ्या उभ्या वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "चला, म्बोनीच्या आई, तुमच्या डोळ्यांना आराम झाला." म्बोनी ही आमची मुलगी, कोरोग्वेला दिलेली आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाळे घेऊन निघाले, तिसऱ्या दिवशीही निघाले, आणि असे रोज. आणलेल्या पुड्या मी घेत होते. चिठ्ठ्या मात्र लिहिल्या नाहीत, कारण कोणाला पाठवायच्या ते कळेना.

२. दि. २३ मार्च रोजी पाऊस होता. ते बूट घालू लागले तेव्हा मी म्हणाले, "आता कोणासाठी जाता? त्यांनी नको म्हणून कळवलंय. कोणाला हव्यात तुमच्या माश्या?" एकोणीस वर्षांत मी त्यांना माश्या कधी म्हटले नव्हते. त्यांनी बुटाची नाडी बांधून पूर्ण केली आणि म्हणाले, "बघून येतो." एवढेच. अर्जात ही गोष्ट लिहिण्याचे कारण नाही, हे मला समजते. तरीही हकीकत पूर्ण असावी म्हणून लिहिली आहे.

३. ते परत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोंबानी येथे, जिथे म्झिरी, किहारा आणि न्केझा हे तिन्ही ओढे एकत्र होतात, तिथे त्यांचे शरीर मिळाले. जाळे मिळाले नाही. एक बूट मिळाला नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात तंबाखूची डबी होती. त्या डबीच्या झाकणाला त्यांनी सायकलच्या ट्यूबचे कडे कापून बसवले होते, म्हणून आत पाणी शिरले नव्हते. आत तंबाखू नव्हती. एक तिकोनी पुडी होती आणि पुडीत एक टाचणी, पंख मिटलेली, अखंड. पुडीवर काही लिहिलेले नव्हते. आपणांस माहीतच आहे की टाचणी पुडीत जिवंत ठेवतात, तिचे पोट रिकामे झाले की मग औषधात बुडवतात. ती डबीत किती वेळ जिवंत होती हे मला ठाऊक नाही. मी त्याबद्दल विचार करू नये असे मुलीने सांगितले आहे.

४. दफन झाले. त्यानंतर आठवड्याभरात चहाची पाने वाहणाऱ्या गाडीचा चालक कोणाला तरी म्हणाला की, त्या सकाळी म्झिरीच्या पुलावर त्याने एक माणूस उभा पाहिला होता. माणूस कसा होता, तर माणसासारखा. पण क्वेमांगात आपल्या पत्राची गोष्ट सर्वांना माहीत होती, आणि पत्र, पूल व पाणी या तीन गोष्टी लोकांनी आपापल्या घरी बसून जोडल्या. मोठे दीर म्बारुकू शेकिओंडो यांनी चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कोणालाही बोलावले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, "लोकांना जेवायला बोलावीन, म्वान्तुमू. पण ते विचारतील, तर काय सांगू? पाय घसरला म्हणू, का..." तोंड फिरवून बाहेर गेले. ते वाईट माणूस नाहीत. धाकट्या भावाला त्यांनीच खांद्यावर बसवून शाळेत नेले होते.

५. मी त्यांना म्हणाले की ती टाचणी सांगेल. म्झिरीवर पुलापाशी चार प्रकारच्या टाचण्या असतात, त्या मी शेकड्यांनी पुडीत घातल्या आहेत. डबीतली त्यांपैकी वाटत नव्हती. पण मेल्यावर टाचणीचा रंग दोन दिवसांत उडतो. राहते ते तपकिरी काडीसारखे काही. मग पंखांतल्या शिरा आणि शेपटीच्या टोकाचे चिमटे यांवरूनच ओळखावी लागते, आणि ते माझे शिक्षण नाही, आपले आहे. ती पुलाजवळची असेल तर ते पुलाजवळ होते. ती वरच्या रानातली असेल तर ते वर गेले होते, म्हणजे कामावर होते. एवढेच मला आपल्याकडून हवे होते.

६. म्हणून मी १५ मे रोजी डबी घेऊन तांग्याला आले. आवक लिपिक श्री. किहियो यांनी छापील कागद दिला. मी तो भरला. ते म्हणाले, "बाई, 'ठिकाण' हा रकाना रिकामा राहिलाय." मी म्हणाले, "ठिकाण विचारायलाच आलेय." ते म्हणाले, "ठिकाणाशिवाय नमुना ओळखायला घेता येत नाही." मी म्हणाले, "ओळखल्याशिवाय ठिकाण कळत नाही." त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि अर्जावर 'ठिकाण नमूद नाही, सबब परत' असा शेरा मारला.

७. दुसऱ्या अर्जात मी त्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहिले. तो टपालाने परत आला. शेरा होता: 'माहीत नाही या नावाचे ठिकाण कार्यालयाच्या यादीत आढळत नाही.' मी पुन्हा समक्ष आले. श्री. किहियो यांनी आत जाऊन विचारले आणि तिसरा शेरा आणला, तो असा: 'संकलकाने स्वतः हजर राहून ठिकाणाबाबत लेखी जबाब द्यावा.' वाचून दाखवताना त्यांचा आवाज खाली गेला. म्हणाले, "आई, हे मी लिहिलेलं नाही." मी म्हणाले, "मला माहीत आहे, बाबा." सदर संकलक हजर राहू शकत नसल्याबद्दल दफनाचा दाखला सोबत जोडला आहे. तो तेव्हाही जोडला होता.

८. त्यानंतर मी अर्ज केला नाही. पतींचे दुसरे, जुने जाळे घरात होते. त्याचा कपडा मी बदलला. ऑक्टोबरपासून मी ओढ्यांवर जाऊ लागले. पूर्वी मी पुड्या घेऊन त्यांच्या मागे चालत असे, पण जाळे कधी हातात धरले नव्हते. चतुर पंख पसरून उघड्यावर बसतो, त्याला पोरेही पकडतात. टाचणी पंख अंगासरसे मिटून सावलीत बसते आणि काडी हलावी तशी हलून नाहीशी होते. पहिला महिनाभर मी फक्त पाने पकडली. गावातल्या बाया म्हणाल्या, "हिला त्याचंच वेड लागलं." एकीने मुलीला निरोप धाडला. मुलगी आली, चार दिवस राहिली, आणि जाताना स्वतःचे रबरी बूट माझ्यासाठी ठेवून गेली.

म्झिरी आधी केला, पुलाच्या वर आणि खाली. मग किहारा. पकडलेली प्रत्येक टाचणी मी भिंगाखाली डबीतलीच्या शेजारी धरून पाहिली. पंखाच्या टोकाजवळच्या डागाखाली शिरांमधली किती घरे येतात ते मोजले. म्झिरीच्या चारही प्रकारांत एक किंवा दीड. किहाऱ्याच्या सर्वांत एक. डबीतलीच्या पंखात अडीच. फेब्रुवारीपर्यंत मी दोनशे सहा पुड्या केल्या. त्यांपैकी एकीतही अडीच नव्हती.

न्केझा शेवटी राहिला, कारण तो तीन तासांची चढण आहे आणि वेलदोड्याची शेवटची लागवड संपल्यावर पायवाटही नाही. माझा गुडघा चांगला नाही. मी मार्चमध्ये पाच वेळा गेले आणि पाचही वेळा हात हलवीत परतले. सहाव्या वेळी, २१ मार्च २०१८ रोजी, धबधब्याच्या बाजूला जिथे कड्यातून पाणी ठिबकते तिथे, ओल्या शेवाळापुढे, एक बसलेली दिसली. अंग काळे, खांद्यावर पिवळी रेघ, शेपटीच्या शेवटच्या पेरांवर राख फासल्यासारखी निळसर झाक. म्हणजे डबीतलीचा रंग कोणता होता, तो मी पहिल्यांदा पाहिला.

तिच्यापर्यंत जाळे पोचवायचे तर डावा पाय ठेवायला एकच दगड आहे, आणि तो पाण्याकडे उतरता आहे. मी पाय ठेवला, जाळे फिरवले, ती आत आली आणि मी घसरले. कमरेपर्यंत पाण्यात गेले. माझ्या हाताला एक मूळ लागले. त्यांच्या हाताला लागले नसावे. त्यांची टाचणी आधीच पुडीत, पुडी डबीत आणि डबी खिशात गेलेली होती, त्यामुळे ते कदाचित दुसरीसाठी वळले असतील. त्यांना नेहमी जोडी लागायची.

त्याच जागी मी बराच वेळ बसले. पाऊस नव्हता. पुलावरून उडी मारायची असती तर पूल घरापासून वीस मिनिटांवर आहे, हे तेव्हाच माझ्या ध्यानात आले. तोवर वर्षभर ते कधी ध्यानात आले नव्हते, कारण मीही मनातल्या मनात त्यांना त्याच पुलावर उभे करीत होते. लोकांना मी दोष कसा देऊ?

९. घरी येऊन मोजले. अडीच. चिमटे सारखे. दोन्ही घेऊन मी मोठ्या दिरांकडे गेले आणि त्यांच्या हातात भिंग दिले. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, "मला दोन्ही एकसारख्याच दिसतात." मी म्हणाले, "तेच दाखवायला आणल्यात, भावजी." ते उठले, पडवीच्या टोकापर्यंत गेले, तिथेच पाठमोरे उभे राहून म्हणाले, "कार्यालयाचा शिक्का आण. मी सगळ्यांना बोलावतो. चालकालाही." त्यानंतर आतून चहा यायला फार वेळ लागला, आणि चहा त्यांनी स्वतः आणला.

१०. यावरून ते कसे पडले हे सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. माझे शेवटचे शब्द त्यांच्या मनात होते किंवा नव्हते हेही कोणत्या शिरेवरून कळणार नाही. एवढेच सिद्ध होते की, दि. २३ मार्च २०१७ रोजी, काम बंद झाल्याचे आपले पत्र मिळालेले असताना, त्यांनी तीन तास चढून आपल्यासाठी एक टाचणी पकडली आणि पुडीच्या तिन्ही घड्या बरोबर घातल्या.

तरी आपणांस विनंती की:

(अ) डबीतील टाचणी आता ठिकाणासह दाखल करून घ्यावी. रकाना भरला आहे.

(आ) काम ६ मार्चला बंद झाले होते व ही त्यानंतरची आहे, या कारणास्तव ती नाकारू नये. तसा नियमच असल्यास ती नेमणुकीबाहेरची, एका माणसाने दिलेली, म्हणून घ्यावी. संकलकाचे नाव मात्र असावे.

(इ) नोंदीची नक्कल गोल शिक्क्यासह मिळावी. सही नसली तरी चालेल. गावात शिक्काच वाचतात.

(ई) मी पकडलेली दुसरी टाचणी सोबत आहे. ती पडताळणीसाठी दिली आहे. दोन्ही एका खणात ठेवता आल्या तर ठेवाव्यात. जागा एकीपुरतीच असेल तर माझी काढावी.

तसदीबद्दल क्षमा असावी. श्री. किहियो यांना याबाबत काही बोलू नये, त्यांनी नियमाप्रमाणे केले आणि मला बसायला खुर्ची दिली.

आपल्या विभागाच्या एकोणीस वर्षांच्या चिठ्ठ्या लिहिणारी,

(सही) म्वान्तुमू शेम्बोझा
क्वेमांगा, दि. ९ एप्रिल २०१८

सोबत:
१) तंबाखूची डबी, आत पुडी क्र. १. चिठ्ठी: न्केझा ओढा, धबधब्याची डावी बाजू, ठिबकता कडा. २३ मार्च २०१७. संकलक हे. शेकिओंडो.
२) पुडी क्र. २. चिठ्ठी: ठिकाण वरीलप्रमाणे. २१ मार्च २०१८. संकलक म्वा. शेम्बोझा.
३) म्झिरी व किहारा येथील पुड्या, नग २०६, चिठ्ठ्यांसह. त्या नको असल्यास परत पाठवू नयेत, माझ्याकडे जागा नाही.
४) दफनाचा दाखला, तिसऱ्यांदा.
५) कोरी चिठ्ठी, एक. या टाचणीचे नाव ठरल्यावर ते लिहिण्यासाठी. नाव ठरल्यास कळवावे, मी तांग्याला येऊन लिहून देईन. कृपया दुसऱ्या कोणाच्या अक्षरात लिहू नये.