ठसे देणार नाही

झोरिया, सस्कॅचेवान, कॅनडा
३ ऑक्टोबर २०११

ती. ओरेस्टदादास,
मारुसियाचा सा. न. वि. वि.

तू तळ्यावरच्या झोपडीत जाऊन बसलास त्याला आठवडा होऊन गेला. तिथे फोन लागत नाही, हे तुझ्या पथ्यावर पडलंय. पण टपाल पोचतं, तेव्हा माझ्यापासून सुटका नाही.

हॉकीचा सराव सुरू झाला. तुझी ती चिल्लीपिल्ली फौज बर्फावर उतरली आणि खेळायचं सोडून दाराकडेच बघत राहिली. तुझी नात डारिया विचारत होती, आजोबा आजारी आहेत की रुसलेत. मी सांगितलं, रुसलेत. पोरीशी खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी तू पुरतं न ऐकता दार आपटलंस, म्हणून पुन्हा सांगते. पोलिसांनी तुझ्यावर आळ घेतलेला नाही. मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होते. मुलांशी वाईट वागून शिक्षा भोगलेल्या आणि पुढे माफी मिळालेल्या कुणा माणसाची जन्मतारीख नेमकी तुझीच निघाली. नाव बदलता येतं, म्हणून तो तू नव्हेस, हे बोटांच्या ठशांवरूनच ठरतं. चौकीत जायचं, बोटं काचेवर टेकवायची, घरी यायचं. रिंकचा बर्फ गुळगुळीत करणारा आपला मेट्रो आहे ना, त्यालाही गेल्या वर्षी हेच करावं लागलं. येताना तो नवे बूट घेऊन आला.

हॉकी संघटनेची सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आहे. ठशांचं उत्तर येईपर्यंत तुला खेळाडूंच्या बाकाजवळ उभं करणार नाही आणि पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत तर पाऊल टाकू देणार नाही. सख्खा भाऊ आहेस म्हणून तर नाहीच नाही.

बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोह्या पाठवते आहे. राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको. माझा लोभ आहेच. त्याला कुठला नियम आड येत नाही.

तुझी,
मारुसिया

* * *

तळ्यावरून
९ ऑक्टोबर

चि. मारुसियास,
अ. उ. आ.

पिरोह्या पोचल्या. मीठ कमी होतं. तरी संपवल्या.

ठसे देणार नाही. तीसेक वर्षं मी या गावाच्या पोरांना बर्फावर उभं राहायला शिकवलं. आज संघटनेचा अध्यक्ष म्हणून मिरवणाऱ्या कर्बी टॉलेफसनचे बूट मी बांधलेत. त्याचं नाक पुसलंय. आणि आता कालपरवा बदलून आलेली पोलीस पोरगी चौकीच्या खिडकीतून मोठ्यानं सांगते, की तुमची तारीख जुळली, ठसे लागतील. रांगेत माझ्या मागे व्हर्निस. व्हर्निसला कळलं म्हणजे जिल्ह्याला कळलं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी घेऊन बसलो, तर शेजारचं जोडपं पोराला उचलून दुसऱ्या टेबलावर गेलं. ज्याचा मुलगा मी घडवला, तो बाप माझ्याकडे बघेना. मी जनावर नाही, हे मीच सिद्ध करायचं, असं तुझं म्हणणं.

लॉर्न हॅस्केट पोरांना हॉकी शिकवायचा, तेव्हा कुठे होते हे नियम? तो शिट्टी फुंकायचा आणि गाव ऐकायचं. सराव संपला की पोरांना स्वतःच्या गाडीतून शेताशेतावर सोडायचा. मी आज एकट्या पोराला गाडीत घेतलं, तर पहिली तूच आडवी येशील. गुरू म्हणून मान होता त्या माणसाला. असो. बोहदानलाही सगळं लिहिलंय. धाकटा भाऊ तरी माझ्या बाजूनं उभा राहील.

मासे बरे लागताहेत. आशीर्वाद आहेत, जरा जपून वापर.

ओरेस्ट

* * *

झोरिया
२० ऑक्टोबर

ती. ओरेस्टदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्यासाठी आनंदाची आणि माझ्यासाठी डोकेदुखीची बातमी. कर्बीनं तीन नोव्हेंबरला सभा बोलावली आहे. ज्यांची सेवा जुनी, त्यांना चौकशीतून सूट द्यायची, असा ठराव आहे. जुना असा तू एकटाच, म्हणजे ठराव तुझ्यासाठीच. सगळ्यांचे हात वर जातील. माझा जाणार नाही.

कर्बी गोड बोलून सुचवून गेला, की मला जड जात असेल तर मी पद सोडावं. मी म्हटलं, मला काढायचं तर सभेत, सगळ्यांदेखत काढ. दुकानात दोन बायकांनी मला बघून पाठ फिरवली, त्यात डारियाच्या संघातल्या गोलरक्षकाची आई, कॅरोलिन. तुझी व्हर्निसही भेटली. तिला सांगितलं, की माझा भाऊ स्वच्छ आहे आणि हे मी कुणाहीपुढे सांगेन. पण नियम माझ्या खात्रीवर चालत नाही. तुला सूट दिली, की पुढचा माणूसही म्हणणार, मलाही सगळे ओळखतात.

तुझ्यावाचून घर सुनं लागतं, हे खरं. तरी माझा हात खालीच राहील. माया पातळ करू नकोस.

मारुसिया

* * *

थंडर बे
२४ ऑक्टोबर

ती. ओरेस्टदादास,
बोहदानचा सा. न. वि. वि.

तू विचारलंस, मी कुणाच्या बाजूनं. आधी ऐक, मग ठरव.

तू बाहेरगावच्या संघातून खेळायला गेलास तेव्हा मी अकरा वर्षांचा. मारुसिया अजून शाळेतही जात नव्हती. सरावानंतर हॅस्केट आम्हाला गाडीतून सोडायचा. एकेक पोर उतरत जायचं. आपलं शेत रस्त्यावरचं शेवटचं, म्हणून मी शेवटचा. दोन हिवाळे ती गाडी मधेच थांबायची. त्यानं माझ्याशी काय केलं ते तुला समजलं असेल. याहून जास्त लिहिणार नाही.

मग मी हॉकी सोडली. मला कंटाळा आला, असं सांगितलं. वडील वसंत येईपर्यंत बोलले नाहीत. आई त्याच्या घरी पिरोह्या पाठवत राहिली. तो निवृत्त झाला तेव्हा गावानं सोन्याचं घड्याळ दिलं आणि भाषण तू केलंस. तुला ठाऊक नव्हतं. ठाऊक होण्यासारखं कुणी विचारलंच नव्हतं.

पोलीस चौकशीत हॅस्केट सापडला नसता, हे मलाही कळतं. त्याच्यावर कधी खटलाच झाला नाही. पण एकट्या पोराला गाडीत घ्यायचं नाही, एवढा एक नियम असता आणि तो मोडल्यावर आडवी येणारी एक मारुसिया असती, तर मी आजही खेळत असतो.

तुझी मान खाली गेली, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती खाली घालून पुन्हा वर करायला तुला पाच मिनिटं लागतील. मला चाळीस वर्षं लागली. रडू नकोस, आणि मेलेल्या माणसाच्या नावानं गावात दंगा करू नकोस. माझं मी सांगेन, मला वाटेल तेव्हा. मी बरा आहे. लेकीला स्केटिंग मीच शिकवलं.

तुझा,
बोहदान

* * *

झोरिया
५ नोव्हेंबर

चि. बोहदानास,
अ. उ. आ.

रडू नकोस म्हणालास. मोठा मी आहे, तुझा हुकूम मानणार नाही. मनसोक्त रडलो. बाकीचं तोंडासमोर बोलू. मी तुझ्याकडे येतोय, तिकीट काढलंय.

पत्र मिळालं तसा झोपडीला कुलूप लावून निघालो. चौकीत ठसे दिले. त्या पोरीनं पुन्हा मोठ्यानं विचारलं, तेव्हा मी तिच्यापेक्षा मोठ्यानं उत्तर दिलं. व्हर्निस नेमकी नव्हती, म्हणून तिच्या घरी जाऊन सांगून आलो.

मग सभा झाली. कर्बीनं माझ्यासाठी केक आणला होता. ठरावाला सगळे हात वर गेले. आपली बहीण एकटी पुढच्या रांगेत हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी बोलायला उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, आता हा आभार मानणार. तुझं नाव घेतलं नाही, त्याचंही घेतलं नाही. एवढंच म्हणालो, की मला ही सूट नको. तुम्ही मला तीस वर्षं ओळखता असं म्हणता. मीही एका माणसाला तसाच ओळखत होतो आणि साफ चुकलो. आणि जी समिती ओळखीवर सूट देते, तिच्या हवाली मी माझी नात करणार नाही. ठराव मागे घ्या, नाहीतर डारिया उद्यापासून खेळणार नाही.

कर्बी केककडे बघत राहिला. शेवटी ठराव मागे घ्यायला पहिला हात कॅरोलिननं वर केला. मग बाकीचे. या वेळी मारुसियानंही हात वर केला. पद तिच्याकडेच राहिलं.

ठशांचं उत्तर यायला वेळ लागेल. तोवर मी वर प्रेक्षकांत बसून ओरडतो आणि पोरं काचेपलीकडून कान टवकारतात. लांबच्या शेतांवरच्या पोरांना आता आईबापच पाळीपाळीनं नेतात, एका गाडीत दोन मोठी माणसं. पाळ्या मी लावल्यात. कुरकुर चालू आहे. चालू दे.

माझ्यावरचा लोभ असू दे, पण आंधळा नको. मला विचारत जा.

तुझा,
ओरेस्टदादा