बिनऔषधाची वांगी

बरकतपुरा, हैदराबाद

तीर्थस्वरूप दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? (नसेल तरी हरकत नाही, फोनवर ओरडून सांगता येणार नाही तेच लिहितो आहे.) आम्ही सगळे तुमच्या आशीर्वादानं ठीक.

नातीला, श्रुतीला, मध्यंतरी अंगावर पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, भाजीवरच्या औषधानं होतं, कशानंही होतं. आमच्या सूनबाईंनी, गौरीनं, त्यातलं पहिलंच ऐकलं आणि गच्चीवर काय लावायचं याची बैठक बसली. तिचं म्हणणं सरळ होतं: ज्यावर फवारणी फार ते घरी लावायचं, केळी-पपईसारखं जाड सालीचं विकत आणायचं. मी सीताफळ सुचवलं. ‘त्याला तीन वर्षं लागतात,’ असं म्हणून आमच्या हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सूचना मागे घेतली. शेवटी भेंडी, वांगी आणि गोंगुरा (म्हणजे आपली अंबाडी) ठरलं. अंबाडी अळ्यांनी खाल्ली, भेंडीचे कोंब कबुतरांनी. वांग्याला फुलं आली, ती गळाली. गौरी रोज ऑफिसला जाताना कुंड्यांपाशी गळालेली फुलं वेचत उभी राहायची. मला ते बघवेना. एका सकाळी मी नल्लकुंट्याच्या बाजारातून चार वांगी आणली, तीनदा मिठाच्या पाण्यात धुतली (श्रुतीच्या ताटात पडायची होती) आणि ‘पानांआड सापडली’ म्हणून परडीत ठेवली. गौरी इतकी खुलली की दुसऱ्या दिवशी मी अर्धा किलो आणली.

तिथंच चुकलं. एवढी वांगी बघून तिनं त्यातली चार खालच्या मजल्यावरच्या पद्मावतीगारूंना दिली. त्यांनी एक उलटंपालटं करून पाहिलं. “ये तो बाजारके हैं. अंकल मेरे आगेच खड़े थे.”

गौरी वर आली. “अप्पा, वांगी कुठली?” आवाज चढवला असता तर मी खरं सांगितलं असतं.

“दादांच्या शेतातली,” मी म्हणालो. “बिनऔषधाची. बसनं मागवतो. बाजारात मी लिंबं घेत होतो.”

तिचा जीव भांड्यात पडला. आता ते शेत दाखवायला ती श्रुतीला घेऊन येत्या रविवारी देगलूरला येते आहे. दोघींना सांभाळून घ्या.

आपला,
एकनाथ

ता. क. फवारणीचा पंप आणि रिकाम्या बाटल्या रविवारपुरत्या शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर, खोपीत ठेवाव्यात.

ता. क. दोन. पंप राहू द्या. पिनकोड घालायला पत्र गौरीकडे दिलं, पण पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. तिनं आधी उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. चहा गार झाला. मग म्हणाली, “काकांना एवढंच विचारा, घरच्या खाण्यापुरतं ते औषध न मारता काय लावतात? तेच आपण लावू.” तेव्हा विहिरीकडच्या दोन वाफ्यांत वहिनी काय काय लावतात ते तिला दाखवा. ते वाफे वेगळे का, असं श्रुती विचारेल. त्याचं उत्तर तुम्हीच द्या, दादा. मी काही बोलणार नाही.